नायटा कोणी कोणाला दिला

सांगली,
८ जानेवारी १९९६

ती. विष्णुमामा,

नमस्कार. हे पत्र मामींना मोठ्यानं वाचून दाखवण्याआधी एकदा मनात वाचा.

मामा, तुमचा नायटा अजून आहे का?

रागावू नका. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोलायची अशी ती गोष्ट आहे, हे मला कळतं. लहानपणी आम्ही सुट्टीला रहिमतपूरला आलो की आई पहिल्याच दिवशी बजावायची, मामांचा पंचा घ्यायचा नाही. तेव्हा त्याचं नवल वाटायचं. आता त्याच पंच्यापाशी माझा प्रबंध येऊन अडला आहे.

आमच्या प्रयोगशाळेत नायट्याच्या बुरशीवर काम चालतं. नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो, पण कोणाचा कोणाला हे सांगता येत नाही, कारण भिंगाखाली सगळ्या बुरश्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आता एक नवं तंत्र आलं आहे. बुरशी बशीत वाढवायची, तिच्यातला डीएनए काढायचा आणि त्याचे काही तुकडे मशीनमध्ये लाखो पटींनी वाढवायचे. मग जेलीच्या वडीत घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं राहतात, आणि दिव्याखाली नारिंगी पट्टे दिसतात. दोन नायट्यांचे पट्टे जुळले, तर ते एका घराण्यातले.

नवे नायटे ढिगानं मिळतात. सरांना हवा आहे जुना, मुरलेला, कुठल्याही मलमाला न जुमानलेला. असा सबंध सांगलीत सापडला नाही. तुम्ही चिमूटभर कोंडा पाठवाल का? डिसेंबरात प्रबंध दिला नाही, तर माझी जागा जाईल.

तुमची भार्गवी


रहिमतपूर,
१५ जानेवारी १९९६

चि. भार्गवी,

आशीर्वाद. मनात वाचायला सांगितलंस, पण तुझी मामी माझ्या खांद्यामागं उभी होती. तिनं मोठ्यानं वाचलं.

नायटा आहे. कमरेला, डाव्या अंगाला, करगोट्याच्या रेषेवर. पावसाळ्यात चढतो, थंडीत जरा उतरतो. अकरा डॉक्टर झाले, दोन वैद्य झाले. मी कोर्टात नाझर म्हणून पस्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या, पण माझी एक तक्रार कुठंच नोंदवता आली नाही. ती आता तुझ्याकडं नोंदवतो.

तुमच्या सांगलीत हळदीच्या पेठेत जिनदत्त म्हणून व्यापारी आहे. कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. अठ्ठावन्न साली तो मुलगी पाहायला निघाला, तेव्हा माझी गॅबर्डिनची पँट घालून गेला. मुलगी पसंत पडली. पण मुलगा सारखी कंबर खाजवतो अशी तिकडं कुजबुज झाली. लग्नाच्या पंगतीत मुलीच्या चुलत्यानं तो विषय काढला आणि या गृहस्थानं भर मांडवात माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाला, "ह्या विष्णूच्या पँटीनं मला नायटा दिला." दोनशे माणसं हसली. मी भरल्या पानावरून उठलो. त्याला अडतीस वर्षं झाली, आमचं बोलणं नाही.

वस्तुस्थिती अशी की, नायटा त्यानं मला दिला. माझी पँट धुतलेली आणि इस्त्रीची होती.

तेव्हा माझी अट ऐक. कोंडा देतो, पण जिनदत्ताचाही तपासायचा. दोन्ही नायटे एकच असून मूळचा त्याचा आहे, असं तुझ्या मशीनकडून मला लेखी हवं. ते हातात पडेपर्यंत मी मरायचा नाही.

विष्णुमामा

ता. क. भार्गवी, हे मी, मामी. हे नायट्यासाठी झुरत नाहीत गं, जिनदत्तभावजींसाठी झुरतात. त्यानंतर ह्यांना दुसरा मित्र झालाच नाही. रोज दाढी करताना मला त्यांच्याच गोष्टी सांगतात, आणि शेवटी म्हणतात, हलकट माणूस. तुझं मशीन पत्रिकेसारखे पट्टे जुळवतं म्हणतेस, तर ह्या दोघांचं काही जुळतंय का बघ.


सांगली,
३ फेब्रुवारी १९९६

ती. मामा,

अट मान्य. पण एक आधीच सांगते, मशीन फक्त जुळतं की नाही एवढंच सांगतं. कोणी कोणाला दिला हे त्याला कळत नाही.

काल जिनदत्तकाकांच्या दुकानात गेले होते. मी तुमची भाची म्हटल्यावर ते उभेच राहिले. काय काम ते सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "विष्णूचा अजून हाय?" आहे म्हटल्यावर खाली बसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "माझा बी हाय की. जातोय कुठं? पण आत्ता न्हाई दिसायचा, ताई. थंडीचा आत जातो. उन्हाळ्यात या." निघताना हळूच विचारलं, "त्या बुरशीला मारता का वं तुमी? जीवच की त्यो बी." मी म्हटलं, काका, आधी वाढवतो. पुढचं सांगितलं नाही.

आता तुमचं. आठ दिवस नायट्याला काहीही लावू नका. मग बोथट पात्यानं कडेचा कोंडा काळ्या कागदावर खरवडा. काळाच हवा, पांढऱ्यावर कोंडा दिसत नाही. त्याची घट्ट पुडी करून पाकिटात घाला. प्लॅस्टिक नको.

भार्गवी


रहिमतपूर,
१७ फेब्रुवारी १९९६

चि. भार्गवी,

सोबत पुडी आहे. काळा कागद फोटोच्या जुन्या अल्बममधून काढला.

उद्या जिनदत्त म्हणेल की कोंडा माझा नव्हताच, म्हणून रीतसर पंचनामा केला आहे. पंच म्हणून शेजारचे लालासाहेब आणि दूधवाले हरिबा हजर होते. मजकूर असा: "आम्ही पंचांनी समक्ष पाहिले की, विष्णुपंतांच्या डाव्या कमरेस अंदाजे वीतभर लांबीचा नायटा असून तो चालू स्थितीत आहे. त्यावरील कोंडा आमच्यासमोर काढला. काढतेवेळी नायट्याच्या मालकाने कोणतीही जबरदस्ती झाल्याची तक्रार केली नाही." लालासाहेबांनी सही केली. हरिबा म्हणाला, "आवं नाझरसाहेब, माझा बी हाय मांडीला, त्याचा बी कागद करा की." त्याला म्हटलं, तुझी केस वेगळी.

मशीनला दिशा कळत नाही असं लिहिलंस. प्रयत्न केला नसेल.

विष्णुमामा


सांगली,
२४ मार्च १९९६

ती. मामा,

वाईट बातमी आहे. पाच आठवडे झाले, बशीत काहीच उगवलं नाही. तुमचा नायटा, ज्यानं अकरा डॉक्टरांना दाद दिली नाही, तो माझ्या टेबलावर मरून पडला.

भिंगाखाली पाहिलं तर कोंड्यात सगळीकडं पिवळे कण. तपासले तर हळद निघाली. हळदीनं बुरशी मरते, निदान तुमची तरी मेली. पुडीत हळद कशी गेली? काही लावलं होतं का? सर विचारत आहेत.

भार्गवी


रहिमतपूर,
३० मार्च १९९६

चि. भार्गवी,

हळद! तरी तू मला विचारतेस कशी गेली?

सबंध सांगलीत हळद कोणाकडं असते? हळदीच्या व्यापाऱ्याकडं. पुराव्यात फेरफार झाला आहे, आणि पुरावा नष्ट झाला की फायदा कोणाचा, हे पहिलीतलं पोरही सांगेल. तुझं पाकीट पोस्टातून त्याच्या दुकानावरून गेलं असणार. एक जुना नायटा मारायला माणसानं किती खाली जावं! मी उपोषणाला बसणार होतो, मामीनं पुरणपोळी केली म्हणून थांबलो.

पोस्टाचा भरवसा नाही. तू स्वतः ये आणि स्वतःच्या हातानं खरवड.

विष्णुमामा


रहिमतपूर,
३० मार्च १९९६

चि. भार्गवी,

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे, वाचून फाड.

हळद मी लावली. काळ्या कागदाची पुडी, ती बिनलग्नाच्या पोरीला पाठवायची, माझा जीव धजेना. पाकिटाच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि राहवलं नाही म्हणून पुडी उघडून आतही चिमूटभर सोडली. तुझं शुभ व्हावं एवढंच मनात होतं. तुझं वर्ष वाया जाणार असेल तर मला माफ कर गं. ह्यांना मात्र सांगू नकोस, त्यांनी जिनदत्तभावजींविरुद्ध चार पानांची तक्रार लिहून काढली आहे आणि बऱ्याच दिवसांनी अगदी खुशीत आहेत.

तू येशील तेव्हा एक पिशवी तुझ्याबरोबर द्यायची आहे, जिनदत्तभावजींना. त्यांचं मला पत्र आलं होतं. पिशवी उघडू नकोस.

शरयूमामी


सांगली,
८ जुलै १९९६

ती. मामा,

एप्रिलात मी स्वतः खरवडून नेलेला कोंडा झकास वाढला. बशीत पांढरा कापूस आणि खालून लाल रंग.  

मग मशीनची पाळी. एका खेपेला तीन तास लागतात, आणि आमच्याकडं वीज दोन तासांनी जाते. सात वेळा तुमचा नायटा अर्ध्यावर थांबला. आठव्या वेळी पट्टे मिळाले. मामा, इतर बारा नायट्यांशी ताडून पाहिलं, तुमच्यात एक जादा पट्टा आहे. तो आणखी कुणातच नाही. सर दहा मिनिटं बघत राहिले.

जूनच्या पहिल्या तारखेला काकांनी निरोप पाठवला, "आला, या." त्यांचा कोंडाही मीच काढला. काल दोघांचे शेजारी शेजारी पळवले. वीसच्या वीस पट्टे जुळतात. तो जादा पट्टासुद्धा.

दोन्ही नायटे एकच आहेत. लेखी देते.

भार्गवी


रहिमतपूर,
१४ जुलै १९९६

चि. भार्गवी,

जितलो.

तुझं पत्र लालासाहेबांना वाचून दाखवलं, हरिबाला वाचून दाखवलं, वाचनालयात दोघांना दाखवलं. जादा पट्ट्याचं ऐकून हरिबा म्हणाला, "लय जोरकस दिसतोय." मला मान्य आहे.

आता जिनदत्तानं लेखी माफी मागावी. आठ दिवसांत मागितली नाही तर नोटीस पाठवतो. खरं तर त्याचं पत्र एव्हाना यायला हवं होतं. आज पोस्टमन दोनदा आला, दोन्ही वेळा दुसऱ्यांकडं गेला.

विष्णुमामा


सांगली,
२५ जुलै १९९६

आदरणीय जिनदत्तकाका,

दुकानात तुमच्याशी एकटं बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचा नायटा मामांच्या नायट्याशी पूर्ण जुळला. मामांना हर्ष झाला, मलाही झाला. पण मग मला झोप लागेना. दोन बुरश्या अडतीस वर्षं दोन वेगळ्या अंगांवर राहिल्या, तर एखाद-दुसरा पट्टा तरी बदलायला हवा. आणि तुमचा नायटा मी पाहिला आहे. रुपयाएवढा गोल, लालबुंद. तो सहा आठवड्यांपेक्षा जुना नव्हता. शिवाय तुमचे हमाल भाऊसो मला दारात म्हणाले, "मालकास्नी कसला नायटा? आमी तीस वर्सं इथं हाय, कवाच बघितला न्हाई."

प्रबंधात मी खोटं लिहू शकत नाही, आणि मामांना खरं सांगायचं धाडस होत नाही. एप्रिलात मी तुम्हाला पोचवलेली मामींची पिशवी फार हलकी लागली होती, तिच्यात भाजणी नव्हती ना?

भार्गवी


सांगली,
२९ जुलै १९९६

विष्णू,

तू पत्राचा शेवट आधी वाचतोस हे मला माहीत आहे. म्हणून मुद्द्याचं वरच लिहितो, म्हणजे तुला वरपर्यंत यावंच लागेल. नायटा माझाच होता.

अठ्ठावन्नच्या होळीला घरी गेलो, तो येताना घेऊन आलो. तुला सांगायची लाज वाटली. गंधकाचं मलम चोरून लावायचो. माझ्या तिन्ही पँटींना त्या मलमाचे डाग पडले, म्हणून तर तुझी पँट मागितली. तू म्हणालास, घे की, इस्त्री केलीय. मी ती न धुता परत दिली आणि तीच घालून तू माझ्या लग्नाला आलास. पंगतीत चुलतसासऱ्यानं विचारलं, जावईबापू, हे खाजवणं कसलं? घाबरलो. समोर तू बसला होतास, तुझं नाव घेतलं. वाटलं, विष्णू हसून सोडून देईल. तू सगळंच सोडून गेलास.

माझा साठ सालीच बरा झाला. त्यानंतर मला कधी नायटा झाला नाही. यंदा तुझी भाची दुकानात आली आणि म्हणाली, मामांना तुमचा नायटा हवाय. अडतीस वर्षांनी तू माझ्याकडं काहीतरी मागत होतास. नाही कसं म्हणू? बरा झालो म्हटलं असतं तर तुझा खटला तिथंच निकाली निघाला असता, मग आपल्याला बोलायला कारण काय उरलं असतं?

थंडीचा आत जातो म्हणून थाप मारली आणि शरयूवहिनींना सगळं लिहिलं. त्यांनी तुझी न धुतलेली बंडी पाठवली. सांगलीचा उन्हाळा, दुकानात पोत्यांची थप्पी आणि मी शर्टाच्या आत तुझी बंडी घालून बसलेलो. आमची राजमती म्हणाली, नवऱ्याला साठीला वेड लागलं. तीन आठवडे काहीच होईना. आमच्या अंगाला सारखी हळद असते ना. मग दुकानात मुलाला, अतिशयला, बसवलं आणि आठ दिवस घरीच राहिलो, तेव्हा कुठं कमरेला लाल गोल उठला. इतका आनंद मला अतिशयचा जन्म झाला तेव्हाही झाला नव्हता. हे त्याला सांगू नकोस.

तेव्हा मशीन बरोबर बोललं. माझ्याकडचा नायटा तुझा आहे, आणि तुझा मूळचा माझा. भार्गवीला खरं लिहू दे, तिचं नुकसान करू नकोस.

मला क्षमा कर, विष्णू.

जिनू


रहिमतपूर,
९ ऑगस्ट १९९६

जिनदत्त,

शेवट आधी वाचला. 'जिनू' ही सही पाहून ओट्यावरच बसलो.

तुझ्या कबुलीजबाबावर तारीख घालून तो फायलीला लावला आहे. पस्तीस वर्षांत मी खून करून आलेली माणसं पाहिली, पण जिंकलेला दावा हरण्यासाठी स्वतःला नायटा लावून घेणारा आरोपी पाहिला नाही. शरयूला विचारलं. ती म्हणाली, "हो, दिली बंडी. पायजमाही देणार होते." हळदही तिनंच घातली होती म्हणे. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. मग लक्षात आलं की न बोलणं मला फार अंगवळणी पडलं आहे, म्हणून तिसऱ्या दिवशी बोललो.

भार्गवीला सगळं कळवलं. ती म्हणते, जाणूनबुजून लावून घेतलेला नायटा तिच्या सरांना आणखीच आवडला, सहा आठवड्यांत एकही पट्टा बदलत नाही हे त्यावरून सिद्ध झालं. प्रबंधात आपण दोघं आहोत. नावं नाहीत, नुसते आकडे. मी एक आहे, तू दोन. यात बदल होणार नाही.

तिनं दोघांसाठी गोळ्या पाठवल्या आहेत, नव्या निघाल्यात, म्हणे मुळापासून जातो. मी आजपासून सुरू करतो. तुझ्या गोळ्या माझ्या कपाटात कुलपात आहेत, त्या दिवाळीला मिळतील. मी अडतीस वर्षं खाजवलं, तू तीन महिने खाजव. या शिक्षेवर अपील नाही.

आता एक गोष्ट, जी मी शरयूलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी पंगतीतून उठलो तो सरळ स्टँडवर आलो. साताऱ्याची गाडी लागलेली होती. बसलो नाही. वाटलं, तू मुंडावळ्या हातात धरून मागं धावत येशील आणि शिव्या देऊन मला परत नेशील. ती गाडी गेली. दुसरी लागली, तीही सोडली. तिसरीत बसलो, तेव्हाही मांडवाच्या बाजूची खिडकी धरली. नायट्याचं मला कधीच काही वाटलं नाही रे. तू आला नाहीस, त्याचं वाटलं.

येत्या अठरा तारखेला, रविवारी, सकाळच्या पॅसेंजरनं सांगलीला येतो आहे. स्टेशनवर ये. उतरल्यावर तू दिसला नाहीस तर पुढच्या गाडीनं परत फिरेन. आता माझं वय झालं, मी गाड्या सोडत बसणार नाही.

बरं, एक सोडेन.

विष्णू